पाण्याची रेघ

४ ऑगस्ट
नागपूरला आले. जुनी शुक्रवारी भागात मधुकररावांच्या कारखान्यावरची खोली मिळाली. खिडकी पूर्वेला आहे, नळाला सकाळी भरपूर पाणी येतं आणि दिवसभर खालून सागवानाचा वास येत राहतो. बरं वाटलं. इथे लाकडाची हातभर लांब जहाजं करतात, लोकांच्या दिवाणखान्यात ठेवायला. ज्या शहराला समुद्र नाही तिथे जहाजं, म्हणून मला हसू आलं. मधुकरराव म्हणाले, समुद्रवाल्यायले जहाजाची काय नवलाई, ताई? हौस आपल्यालेच.

सामान थोडंच. साड्या, रद्दीतून घेतलेली पुस्तकं आणि यांचं वल्हं. हे मागच्या श्रावणात डोंगा घेऊन पेंच नदीपलीकडच्या शेतात गेले. पूर उतरल्यावर वल्हं काठाला सापडलं. हे सापडले नाहीत. वल्हं खाटेखाली ठेवलं आहे.

९ ऑगस्ट
नवं लाकूड जुनं करायचं, हे माझं काम. इतवारीतून आणलेला हिरडा उकळून त्याचं पाणी लाकडाला द्यायचं. वाळलं की गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगर वरून फिरवायचं. डोळ्यांदेखत पिवळी फळी राखाडी होते, मग काळी. दोन दिवसांत वीस वर्षं चढतात. मधुकरराव म्हणतात, जहाजाचं वय पाण्याच्या रेघेत असतं. पाणी जिथवर टेकलं तिथवर हिरवट काळं आणि त्याच्या वर मिठाचा पांढुरका पट्टा. ती रेघ मला चांगली जमते. बोटं मात्र काळी झाली आहेत. साबणाने जात नाहीत.

२५ ऑगस्ट
मोठ्या जहाजाचं काम आलं. वरच्या फळ्यांचा रंग मधुकररावांना पसंत पडेना. रंग आला, पण लाकडानं ऊन नाही खाल्लं, म्हणाले. म्हणून मी वल्हं खाली नेलं, फक्त दाखवायला. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग एक बोटभर तुकडा कापू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत करवत माझ्याच हातात होती आणि सगळं वल्हं जहाजाच्या वरच्या फळ्यांत गेलं होतं. खाटेखाली पडून राहण्यापेक्षा कुठे तरी दिसेल, असं मी मनाला सांगत होते. खरं म्हणजे मधुकरराव म्हणाले होते, तुमच्यासारखा हात नागपुरात नाही. ते गोड लागलं.

१२ सप्टेंबर
शालिकरामभाऊजींचा फोन आला. भाभी, आता किती दिस वाट पाहाची? आईचा जीव अटकून राहिला, म्हणाले. सर्वपित्रीला नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करून यांना अग्नी द्यायचं ठरलं आहे. पुतळ्याच्या उजव्या हाताशी वल्हं ठेवायचं. पाण्यात गेलेल्याला त्याचं वल्हं दिलं नाही तर तो ते शोधत येतो, हा सासूबाईंचा धोशा. वल्हं विसरजा नोका भाभी, असं भाऊजींनी दोनदा सांगितलं.

मी आणते म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

१७ सप्टेंबर
नवं वल्हं केलं. सागाचं. हिरडा, गंज, मग मीठ, मग गच्चीवरचं ऊन. मूठ झिजवणं सगळ्यात कठीण गेलं. यांचा अंगठा कुठे टेकायचा ते माझ्या तळव्याला ठाऊक आहे, म्हणून डोळे मिटून कानशीने घासलं. उघडले तेव्हा वाटलं, हेच ते. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नव्हतं. कुणाला दाखवताही येत नाही.

२१ सप्टेंबर
झालं. पुतळा लहानसाच वाटला. सासूबाईंनी वल्हं मांडीवर घेतलं, मुठीवरून बोट फिरवलं आणि माह्या लहानूचा हात आहे हा, म्हणून रडल्या. डोळे पुसले तेव्हा त्यांच्या गालावर काळा ओघळ उमटला. रंग पक्का वाळला नव्हता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पदराने त्यांचा गाल पुसला. सगळे म्हणाले, सून किती जीव लावते.

वल्हं भराभर पेटलं. भिजलेलं जुनं लाकूड असं पेटत नाही. मी धुराकडे पाहिलंच नाही.

२४ सप्टेंबर
मोठ्या जहाजाची पाण्याची रेघ मी काढली होती तिथे नाही. बोटभर वर आहे. मधुकररावांना वाटलं, मीच बदलली. छान दिसते, म्हणाले.

२६ सप्टेंबर
रेघ पॉलिश पेपरने घासून काढली. जेवून आले तोवर परत. आणखी वर. खालचं लाकूड ओलं. बोट लावून चाटलं. मिठाचं नाही. गोड पाणी, गाळाचा वास. समुद्राचं नाही ते. ते नदीचं आहे.

२७ सप्टेंबर
सासूबाईंचा फोन. लहानू सपनात दारात उभा राहतो आणि माहं वल्हं दे म्हणतो. त्या त्याला सांगतात, दिलं नं बाप्पा, मी सोता हात लावून पाह्यलं. मग मला विचारलं, दिलं नं वं प्रेमिला? मंग तो काहून मांगते?

मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत.

असं म्हटलं मी. त्यांना.

२८ सप्टेंबर
रेघ वरच्या फळ्यांना टेकली. यांच्या फळ्यांना. मी मधुकररावांना जहाज मागितलं, वाटेल ते काम फुकट करीन म्हटलं. ते हसले. गिऱ्हाईक उद्या येऊन नेणार आहे.

माझ्या खोलीच्या भिंतीवर रेघ आहे. चारही भिंतींवर, सरळ. खाली काळं, वर पांढरं. गुडघ्याइतकी—

२९ सप्टेंबर, सकाळ
पटाशीने फळ्या उचकटल्या. सगळ्या. मधुकरराव ओरडत होते, मी दार लावून घेतलं. फळ्या मांडीवर आहेत. मुठीचा तुकडा कोमट आहे. आत्ताच कुणी सोडल्यासारखा.

भिंतीवरची रेघ खाटेच्या वर आली. जमीन कोरडी आहे. साडी मात्र कमरेपर्यंत भिजली—

नदीवर नेऊन देते. पण आधी सासूबाईंना सांगायचं. फोनवर परत खोटंच बोलेन, म्हणून इथे लिहून घेते. मग तसंच वाचून दाखवीन.

या पानाला खालून ओल चढते आहे. सरळ, पट्टीने आखल्यासारखी. वर पांढरी कड. मी वरून खाली लिहिते आहे, ती खालून वर—

खाटेखाली काही तरी चाचपडतंय. जिथे ठेवलं होतं तिथेच.

लवकर लिहायला हवं. दोन ओळी उरल्या.

सासूबाई, तुम्ही मांडीवर घेतलं ते वल्हं तुमच्या लेकाचं नव्हतं, त्याचं मी—