बरणीवरची काळी रिंग

३ मार्च, सकाळ
लिही, सूनबाई, आणि लिहिलेलं लगेच विसर. तुला ते अवघड नाही. कपाळावरचा चष्मा तू काल घरभर शोधत होतीस. ही रोजनिशी माझी एकटीची. मला वाचता येत नाही, म्हणजे कुणीच वाचणार नाही.
निश्चय: खरं तेच सांगायचं. लिंबांच्या बरणीला लावलेली काळी रबरी रिंग नातीच्या टेबलावर बेवारस पडली होती. ही काही चोरी नव्हे. बरणी गळायची थांबली. शिवाय लिंबं तिच्यासाठीच मुरत घातलीत. बोटीत तिला मळमळतं.

५ मार्च
मासोळीचा, म्हणजे नातीचा, फोन. पाण्याखाली कॅमेरा पेटीत घालून नेतात. पेटीत पाणी शिरू नये म्हणून फटीत काळी रिंग. तिची चिरली. जादाची सापडत नाही. आजी, तू पाहिलीस का, म्हणाली. मी म्हटलं, आवाज तुटतोय गं.
जगात काळ्या रिंगा काय कमी आहेत. ही दुसरीच असणार. उद्या विचारून खात्री करते.

६ मार्च
मान अवघडली. फोन कानाला लावता येत नाही. स्पीकरवर बोला, म्हणतेस. स्पीकरवर मनातलं बोलता येत नाही.

९ मार्च
मासोळीला प्रवाळात समुद्रघोडा सापडलाय, पोट टम्म. त्यांच्यात बाप बाळंत होतो. मुलाला मुद्दाम ऐकवलं. त्याला स्वतःचा कप विसळवत नाही.
त्या बाळंतपणाचा फोटो मिळाला तर समुद्राची पाहणी करणारे तिला कायमची नोकरी देणार. नवी रिंग यायला पंधरा दिवस. पहिलटकरीण उशीर करते, पहिलटकरही करेल.
जेवण गेलं नाही. उकाडा असेल.

१० मार्च
रिंग गुपचूप कुरिअरने पाठवायचं ठरवलं. झाकण उघडेना. किती चांगली रिंग. पत्ता लिहायलाही कुणीतरी लागेल. लिहिणारीने कारण विचारू नये. उद्या.

१२ मार्च
बाळंत झाला. कण्यांएवढी पिल्लं धुरासारखी बाहेर पडली म्हणे. ती समोरच होती, हात रिकामे. कॅमेरा वर बोटीत. डोळ्यांनी पाहिलं ना, बास, म्हणाली आणि नाक ओढलं. समुद्राचं पाणी गेलं असेल नाकात.

१४ मार्च
नोकरी दुसऱ्याला मिळाली.
मान बरी झाली. फोन लावून घेतला, सगळं सांगितलं, बरणीसकट. ती म्हणाली, माहीत आहे गं, मी विचारलं त्याच दिवशी आईने सांगितलं. लिंबू-मिठात बसलेली रिंग कॅमेऱ्याला चालत नाही, म्हणून मागितली नाही. तू सांगतेस का, तेवढं पाहत होते.
आई, म्हणजे तू. चष्मा विसरतेस, गॅसवरचं दूध विसरतेस, हे बरं लक्षात राहिलं. आणि माझी मान, माझा उकाडा निमूट लिहून घेत होतीस. हेही लिही, गाळू नकोस.
बोटीत अजून मळमळतं म्हणाली. लिंबं पाठव, अख्खी बरणी. रिंग काढू नकोस, वाटेत गळेल.