मागे घेतलेला ग्रह

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. आज जाफराबादला तुमच्या शाळेत माझा सत्कार होता. 'आपल्या लेकीनं ग्रह शोधला' असा फलक फाटकावर होता, आणि तो ग्रह नाही हे त्या गावात फक्त मला माहीत होतं.

आठवीत तुम्ही आम्हाला सूर्य दाखवायच्या. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात छोटी दुर्बीण लावून सूर्याचं बिंब कागदावर पाडायच्या आणि त्यावरचे काळे डाग आम्ही वहीत काढायचो. डाग रोज थोडे सरकतात, कारण सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे मला तिथंच कळलं. एक दिवस ढग होते. डाग कुठं असणार हे ठाऊक होतं, म्हणून मी तो अंदाजानं काढला. तुम्ही वही पाहताय, मी शाबासकीची वाट पाहतेय. वर न बघताच तुम्ही विचारता, "ढगातून दिसला का तुला?" मी नकारार्थी मान हलवली. "न्हाई दिसला तर न्हाई दिसला लिहायचं. अंदाज बराबर निघाला तरी ते खोटंच." सगळ्या वर्गासमोर ते पान खोडायला लावलंत. मी कितीतरी दिवस तुमच्यावर रुसून होते.

आता मी दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधते. असा ग्रह बहुतेक वेळा दिसत नाही. तो ताऱ्याला किंचित ओढतो, तारा जरा पुढे-मागे होतो, आणि त्याच्या प्रकाशात तेवढाच बारीक फरक पडतो. अडचण अशी की ताऱ्यांवरही डाग असतात. ते डाग घेऊन तारा फिरला की प्रकाशात तसाच फरक दिसतो. तारा जागचा हललेला नसतो, तरी हलल्यासारखा वाटतो. आमचा तारा आम्हाला शांत, फारसे डाग नसलेला वाटला होता. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीनं पाच वर्षं त्याच्या नोंदी घेतल्या. ग्रह सापडल्याचा लेख छापायला स्वीकारला गेला, बातमी गावापर्यंत आली. मग तिनंच नव्या नोंदी रंगांप्रमाणे वेगळ्या करून पाहिल्या. ग्रहाची ओढ असती तर फरक सगळ्या रंगांत सारखा आला असता. इथं तो निळ्या प्रकाशात जास्त होता आणि लाल प्रकाशात निम्मा. डागांमुळे होतं ते असं.

आज भोकरदनहून निघालेल्या एसटीत असताना तिचा फोन आला. मी पाठवलेला रंगांचा तक्ता बघितलात का, असं तिनं हळूच विचारलं. गडबडीत राहिला, आत्ता बघते, असं मी म्हणाले. उरलेला रस्ता खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत गेला, पण मला त्यातलं काही दिसलं नाही.

शाळेत पोचल्यावर मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, आज कार्यक्रम होऊन जाऊ द्या," ते म्हणाले, "मंग सावकाश सांगा. लेकरं सकाळपासून बसून राह्यलीत." मला ते पटत होतं, बाई. शाल अंगावर येईपर्यंत पटत होतं. माइकसमोर उभी राहिले. एका वाक्यात सांगून टाकलं की तिथं ग्रह नाही, आमची चूक झाली. खुर्च्या आवरायला थांबलेला शिपाईसुद्धा माझ्याकडे बघत राहिला. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. "तुम्हाला वाईट वाटून राह्यलं का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले, आणि पुढचं सगळं भाषण विसरले.

मैदानात येऊन माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला फोन केला. लेख मागे घेऊ, असं सांगितलं. ती बराच वेळ रडली. तिची पाच वर्षं होती ती. मग आवाज सावरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही तक्ता पाहिल्याबरोबर थांबवलंत. दुसऱ्या कुणी थांबवलं नसतं." मी तिचं बोलणं तोडलं नाही.

आता जालन्यात भावाच्या घरी हे लिहीत बसले आहे. बाई, तो तक्ता मी आठ दिवसांपूर्वीच पाहिला होता. उघडला, समजला, आणि बंद केला. हे खरं तर तिला लिहायला हवं. तुमच्याकडून उत्तर यायचं नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.