मौनात धुतलेले बूट

गुरुद्वाऱ्याचं जोडाघर,
अकोला

ती. आशामावशीस गोपालचा पाया पडून नमस्कार.

लिहायला बसतो, बसतो म्हणता म्हणता पोळा गेला, गणपती उठले, आता बाजारात नवरात्राच्या घटांची मडकी दिसून राहिली, तरी माझी हिंमत होत नव्हती. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू बोलशील आणि मला ऐकावं लागेल. पत्रात तेवढी सोय आहे. तुझी पाठ कशी आहे? काकाजींनी तंबाखू सोडली का? (सोडली असेल तर पुन्हा कधी धरली, हेही कळव.) नांदगावात सोयाबीन कसं आहे? मी बरा आहे. म्हणजे बरा नाही, तोंड लपवून आहे, आणि कुठं लपलो हे एकट्या संध्याताईला ठाऊक. बाबाला सांगू नको.

तू ताईसाठी चांदूर रेल्वेचं स्थळ आणलं, पाहुणे दर्यापूरला आपल्या मळ्यात आले, आणि नेमकी तुझी पाठ धरली म्हणून तू आली नाहीस. बाबानं तुला एवढंच सांगितलं असेल की बुटाच्या भानगडीवरून पाहुणे उठून गेले. मावशी, ती भानगड म्हणजे मी. पण आधी मी मन शांत करायला कसा निघालो ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी जन्मापासून असाच आहे.

बाबा मला फुलांची पोती घेऊन बाजारात पाठवते, हे तुला माहीतच आहे. आपला झेंडू देवळात जातो, गुलाब दर्ग्यात जातो, शेवंती विहारात जाते. फुलं थेट आत जातात, मीच तेवढा बाहेर पोती मोजत उभा, याचं मला वाईट वाटायचं. म्हणून एकदा फुलांच्या मागंमाग आत गेलो. दर्ग्यातल्या चाचांनी शिकवलं की छातीवर हात ठेवून आत चाललेली धडधड ऐकायची. मी ऐकत बसलो ते भर दारात, आणि बायकांना चादर घेऊन आत जाता येईना. चाचा म्हणाले, "बेटा, सुकून बाजू में बैठ के भी मिलता है." मग अकोल्याला या गुरुद्वाऱ्यात आलो. इथं चांगल्या घरचे लोक दुसऱ्यांचे जोडे पुसताना पाहिले आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. (नंतर लंगरात डाळ तीनदा घेतली, ते वेगळं.)

त्यानंतर अमरावतीच्या विहारात मौनाचं शिबिर लागलं. दहा दिवस बोलायचं नाही, लिहायचं नाही, फोन जमा करायचा, श्वासाकडं पाहायचं. चार दिवस मी पाहिलं. श्वास येते, श्वास जाते, मधीच भरल्या वांग्याची भाजी येते, ती काही जात नाही. पाचव्या दिवशी झाडाखाली मुंग्यांची रांग दिसली. गुरुजींनी सांगितलं होतं की जे समोर आहे ते नुसतं पाहत राहा. मी पाहत राहिलो, रांग चालत राहिली, आणि पाहता पाहता मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर. चहा खुणेनं मागितला, म्हणजे मौन शाबूत होतं. पण परत आत जायची लाज वाटली. मग मी मनाशी ठरवलं की उरलेलं मौन घरी पूर्ण करू. मावशी, हा विचार मला तेव्हा फार उंचीचा वाटला.

घरी आलो तर अंगणात सडा, रांगोळी, आणि ताई हिरव्या साडीत. माझा फोन शिबिरात अडकलेला, म्हणून पाहुण्यांचं मला कोणी कळवू शकलं नव्हतं. ताईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आला का बाप्पा! त्याईनं काई इचारलं तर तूच बोलजो, बाबाले घाबरल्यावर काई सुचत नाई." मी ओठावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "गोपाल, आज नको रे." मी डोळे मिटून मान हलवली. ती मान आज आठवली की माझ्याच मुस्काटात मारावी वाटते.

पाहुणे मळा पाहून आले. मुलाचे वडील वामनराव, मुलगा गजेंद्र, आणि दोघांच्या पायाला आपली काळी माती, एकेका बुटाला शेर शेर. बूट ओसरीबाहेर काढून ते आत गेले. मी त्या बुटांकडं पाहिलं आणि मला गुरुद्वारा आठवला. बोलता येत नाही तर सेवा तरी करावी! वामनरावांचे बूट कातड्याचे होते, नवे, तपकिरी. ते मी मोटरीच्या पाण्याखाली धरले, निरमा लावला, आणि प्रत्येक बोटाची हालचाल जाणत जाणत घासले. इतकं लक्ष मी आयुष्यात कशात दिलं नाही. कुत्र्यानं नेऊ नये म्हणून गोठ्याच्या टिनावर वाळत घातले. गजेंद्ररावांच्या बुटांचा नंबर लागायच्या आधीच मला ध्यान लागलं. (झोप म्हणू नको.)

आत सगळं छान चाललं होतं, हे मला नंतर कळलं. पोहे झाले, वामनराव "पोरगी आमाले पसंत हाय" म्हणाले, तारखेचं बोलणं निघणार तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून सगळे बाहेर आले. वामनरावांचे बूट नाहीत. बाबानं मला हलवून विचारलं, "अबे, पावण्याचे बूट कुठी गेले?" मी शांतपणे वर बोट दाखवलं.

वामनराव म्हणाले, "वर म्हंजे? देवाघरी गेले का बूट?"

मी पुन्हा वर दाखवलं, जरा प्रसन्न हसून.

"खुशालराव, तुमचं पोरगं कायले हासून राह्यलं? आमची थट्टा करते का हे?"

तेवढ्यात टिनावर धडधड झाली. वानर आलं होतं. डावा बूट त्यानं खाली फेकला, उजवा काखेत मारला आणि लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आणि मावशी, तेव्हा माझं मौन सुटलं. काय बोललो माहीत आहे? "काका, धुतलेले हाय!"

वामनरावांनी डावा बूट उचलला, त्यातलं पाणी ओतलं, बाबाची चप्पल पायात घातली आणि म्हणाले, "मुकं असतं तं चाललं असतं. हे तं येडं हाय." मग निघून गेले. तेव्हापासून फोन नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता ताई गजेंद्ररावांबद्दल एवढंच म्हणाली, "त्याईनं मले इचारलं, शेवंती कशी सांभाळता म्हणून. मी बोलत गेली आन् ते आयकत गेले. पयल्यांदा कोणी माह्यं पुरं आयकलं रे." मी तिथं उभा राहू शकलो नाही. वानरानं संध्याकाळीच झेंडूत टाकून दिलेला उजवा बूट पिशवीत घातला आणि इकडं आलो. तीन तीन पंथांचं शिकून मी सगळं लक्ष दिलं ते बुटाला. जिनं "आज नको रे" म्हटलं, तिला नाही.

इथल्या सरदारजींना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "पुत्तर, पानी किसने बोला? हम तो सूखा कपड़ा मारते हैं." आता रोज लोकांचे जोडे कोरड्या फडक्यानं पुसतो, आणि वामनरावांचा बूट सगळ्यात शेवटी. कोणत्याही पंथात निरमा नाही, एवढं ज्ञान मला झालं आहे. काकाजींना नमस्कार. राग आला असेल तर तो माझ्यावर काढ, ताईवर नको.

तुझा,
गोपाल

ता. क. खरं काम हे आहे. बूट घेऊन मी नांदगावला येतो, तुझ्या ओसरीवर ठेवतो आणि पळतो. पुढं चांदूर रेल्वेला तो तू ने. तुझ्या शब्दाला तिथं किंमत आहे. पोरगं येडं असलं तरी पोरगी येडी नाही, एवढं त्यांना सांगजो.

आणखी ता. क. वर लिहायचं राहिलं. उजव्या बुटाची जीभ वानरानं खाल्ली आहे. देताना बुटाचं तोंड खाली ठेवशील.

मावशी, थांब. पाकीट चिकटवणार तेवढ्यात जोडाघराच्या खिडकीत कोणी पिशवी ठेवली. सवयीनं जोड्याच्या नंबराचा बिल्ला दिला, पिशवीत हात घातला, तर आत एकच बूट. तपकिरी, डावा. मान वर केली तर डोक्याला रुमाल बांधून गजेंद्रराव.

"संध्या म्हणे तुमी इथं भेटसान," ते म्हणाले. (मावशी, संध्या! नुसतं संध्या!) "आमचे बाबा रोज हा एक बूट समोर ठेवतात आन् तोच इषय काढतात. उजवा देऊन टाका भाऊ. जोडी झाली का बुटाचा इषय संपते, मंग मी तारखेचा काढतो."

बूट मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, जिभेच्या रिकाम्या जागी बोट फिरवलं आणि डाव्याशेजारी ठेवला. आता ते खिडकीत उभे आहेत, मी काही तरी म्हणावं म्हणून वाट पाहून राहिले, आणि मी खाली मान घालून तुला लिहून राहिलो. आता मौन वगैरे काही नाही गं मावशी, तरी तोंडातून शब्द निघून नाही राहिला.