तनूच्या मापाची रायफल

प्रिय अंशुमन,

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, म्हणून लिहितेय. मी जरा आवाज चढवला की तू गप्प होतोस. मग मी भांडण अर्धवट टाकून यतीनभावजींना फोन द्यायला सांगते. पत्रात तुझी सुटका नाही, सगळं ऐकून घ्यावं लागेल. ग्लासगोला पाऊस असेलच. इथे मिल्टन कीन्सला आठवडाभर नुसतं मळभ आहे, भर दुपारी स्वयंपाकघरातला दिवा लावावा लागतो. बॉयलर ठीक आहे. तुझी गाडी मी अधूनमधून दोन-चार राउंडअबाउट फिरवून आणते, म्हणजे बॅटरी उतरत नाही.

तर तनूची रायफल. चौदा पूर्ण झाली की तिची स्वतःची घ्यायची, असा शब्द तूच दिला होतास. मग तुझं आजारपण निघालं, हॉस्पिटल झालं, आणि तिथून भावजी तुला त्यांच्याकडे घेऊन गेले. रायफल माझ्या गळ्यात पडली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हे तुला ठाऊक आहे. मला वाटलं होतं, बॅडमिंटनची रॅकेट घेतो तसं दुकानात जायचं, हाताला बरी लागेल ती उचलायची. डावखुऱ्या पोरीसाठी डाव्या हाताची मागायची, झालं. पण नेमबाजीच्या क्लबात शिकवणाऱ्या मॉरीनबाईंनी मला पहिल्याच दिवशी गप्प केलं. म्हणाल्या, हात नंतर बघू, आधी डोळा बघू. तनूला दोन्ही तळव्यांची खिडकी करून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, आणि हात हळूहळू तोंडाजवळ आणायला सांगितले. खिडकी सरळ डाव्या डोळ्यावर येऊन थांबली. काही पोरांचा हात डावा आणि डोळा उजवा निघतो म्हणे, मग मोठी पंचाईत होते. आपली पोरगी मात्र पुरती डावी.

आणि ही पोरगी दोन वर्षं क्लबाच्या उजव्या रायफलीने नेम धरतेय! खांद्याला डावीकडे लावायची, पण गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर डावा हात वरून पलीकडे न्यायचा, गाल उचलायचा, सगळी बैठक मोडायची आणि पुन्हा जमवायची. तिने एकदाही तक्रार केली नाही. मला आई आठवल्या. त्या इथे आल्या होत्या तेव्हा तनूच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायच्या, प्रसादाला डावा हात पुढे आला की हळूच चापट मारायच्या. तू एरवी त्यांच्यापुढे मान वर करत नाहीस, पण तेव्हा ताट बाजूला सारून म्हणालास, असू दे आई, तिचा हात आहे तो. त्यांनी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. तनूला हे सगळं आठवतं, मी विचारलं तिला.

पुढे मी जे केलं त्यावर तू हसशील, निदान हसावंस. मॉरीनबाईंनी ओळखीतून दोन डाव्या रायफली बघायला आणवल्या. एक पूर्ण मापाची, एक आखूड आणि हलकी, कुठल्याशा युनिव्हर्सिटीत गेलेल्या मुलीची. मी तात्काळ मोठीवर बोट ठेवलं. वाढत्या अंगाची पोर, अजून उंच होईल, एकदाच घेऊ आणि कॉलेज संपेपर्यंत बघायला नको. आपल्याकडे फ्रॉक, बूट, स्वेटर सगळं असंच तर घेतात. तनूच्या ब्लेझरच्या बाह्या अजून दुमडलेल्याच आहेत. बाईंनी वाद घातला नाही. तनूला चटईवर पालथी झोपवलं आणि मोठी हातात दिली. बिचारीची मान ताणली, कोपर सरकलं, नळीचं तोंड खाली झुकायला लागलं. मग म्हणाल्या, ही तिच्या पुढच्या अंगाची आहे, आणि पुढचं अंग आज इथे आलेलं नाही. आखूडवाली मात्र खांद्याला अशी बसली, की तनूने गाल टेकवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. खांद्याला टेकणारी मागची पट्टी स्क्रूने मागेपुढे होते, त्यामुळे ती दोन-तीन वर्षं सहज पुरेल. नेमाच्या कार्डावरची तिच्या गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळली होती. तनूने कार्डाचा फोटो काढला, बाबाला पाठवते म्हणाली, आणि पाठवला नाही. बाबा इथे नव्हता म्हणून त्याला वाईट वाटेल, असं म्हणाली. आजकाल ती तुला काहीही सांगण्याआधी थांबते, आणि ते मला बघवत नाही.

आता अडचणीचं. लायसन्स तनूच्या नावावर मिळतं, पण घरात भिंतीला ठोकलेलं पोलादी कपाट लागतं आणि घरातल्या माणसांची चौकशी होते. गुरुवारी पोलिसांकडून एक गृहस्थ आले. साधा, सभ्य माणूस. जिन्याखालची भिंत ठोकून बघितली, किल्ली कुठे ठेवाल ते विचारलं. मग सोफ्यावर बसून म्हणाला, या घरात कोण कोण राहतं? अंशुमन, रविवारी तू फोनवर जे म्हणालास तेच मला आधी आठवलं. तनू जिन्यावर बसली होती. तिने तिथूनच सांगितलं, आम्ही तिघं राहतो. बाबा बरा व्हायला काकाकडे गेलाय, पण राहतो इथेच. मग मीही सगळं सांगितलं. तुझ्या मनात स्वतःचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत होते ते, हॉस्पिटल, अजून चालू असलेल्या गोळ्या, सगळं. त्याने मान खाली घालून ऐकलं. जाताना म्हणाला की, या घरात हत्यार ठेवायला मी हो म्हणू शकणार नाही. रायफल क्लबाच्या तिजोरीत राहणार असेल तर विचार करता येईल, पण त्याला वेळ लागेल आणि खात्री देत नाही. ती आखूड रायफल तोवर थांबणार नाही, केंब्रिजच्या एका कुटुंबाने मागितली आहे. डाव्या हाताची, त्या मापाची दुसरी कधी मिळेल ते मॉरीनबाईंनाही सांगता येत नाही. तनूने त्यांना स्वतः फोन करून सांगितलं की, द्या त्यांना. मग वर जाऊन दार लावून घेतलं. रडली, आणि चांगली रडली. तुझ्यापासून हे लपवणार नाही.

आता का लिहितेय ते. गेल्या रविवारी तू मला शांतपणे म्हणालास की, पोलिसांना सांग, नवरा आता इथे राहत नाही. मी इथे ग्लासगोलाच राहीन, कायमचा. पोरीला तिची रायफल मिळू दे, नाहीतरी मी घरात असून नसल्यासारखाच. तुला वाटलं, तू काहीतरी मोठं देऊन टाकतोयस. मला भयंकर राग आला. तू स्वतःला आमच्यातून वजा करायला निघाला होतास आणि त्यासाठी पोरीची रायफल पुढे केलीस, हे मला कळत नाही असं वाटलं तुला? तनूने तो फोन ऐकला होता, अंशुमन. स्पीकर चालू होता, मी कणीक मळत होते. म्हणून गुरुवारी ती जिन्यावर येऊन बसली होती. मी भलतंच बोलू नये म्हणून पहारा देत होती. संध्याकाळी सुजलेले डोळे घेऊन खाली आली आणि तिच्या त्या मराठीत म्हणाली, ‘आई, रायफल क्लबमध्ये राहू शकतो. बाबा नाही राहू शकत.’ तू घरी आलास की मला भीती वाटेल, बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं की मी हाका मारीन, तू चिडशील. तू नसलास की याहून जास्त भीती वाटते. भावजींशी बोलले आहे, डॉक्टरांशीही. ते हो म्हणालेत, फक्त तू हो म्हणायचं राहिलंय. पुढच्या शनिवारी भावजी तुला ट्रेनमध्ये बसवून देतील. तू घरी ये.

तुझीच, अजून रागावलेली,
ऋजुता