कूलरशेजारची कुंडी

चिपळूण,
२८ मार्च २०२४

चि. धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून पत्र. मागच्या सुट्टीत तू सिलिगुडीहून माझ्यासाठी आणलेलं ऑर्किड मी वरवट बकालला बाबांकडे ठेवून आले आहे. बहिणीला वेड्यात काढण्याआधी पुढचं वाच.

इथल्या ओलसर हवेत ते मजेत होतं, हे मलाही कळतं. आणि आपल्या गावची हवा तू जाणतोस. एप्रिलमध्ये टॉवेल दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत तो वाळलेला असतो. पण गेल्या मेमध्ये बाबा पलंगाशेजारी बेशुद्ध सापडले, तेव्हा समोरच्या कूलरमध्ये थेंबभर पाणी नव्हतं. आई गेल्यापासून त्यांनी तो लावलाच नव्हता. एकट्या माणसासाठी कायले कूलर लावाचा, असं ते दवाखान्यातही म्हणत होते. शेजारचे शालिग्रामकाका सहज डोकावले म्हणून निभावलं. यंदाही ते नेमके वेळेवर डोकावतील कशावरून?

चिपळूणला चला म्हटलं तर तिथे घामाने जीव जातो म्हणतात. तू तिकडे सीमेवर, मला बँकेतून रजा नाही. स्वतःसाठी ते काडी हलवणार नाहीत, पण दुसऱ्याचं सोपवलेलं बिघडू देणार नाहीत. एसटीत कंडक्टर असताना कुणाची विसरलेली छत्रीसुद्धा मालक सापडेपर्यंत जपायचे. म्हणून सांगितलं, ही धम्मरत्नची अमानत आहे, हिला दुपारी कूलरचा गारवा लागतो.

झाड गेलं तर गेलं. माफ करशील ना? तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

वरवट बकाल,
१५ एप्रिल २०२४

चि. समता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस आणि मला निम्मंच ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं, त्यात तुझा आवाज चढत नाही. काल जयंती जोरात झाली. मिरवणुकीत मी बसस्टँडपर्यंत चाललो, पुढे शालिग्रामने हात धरून सावलीत बसवलं.

आता झाडाचं. कुंडीत मातीच नव्हती. नुसती लाकडाची साल आणि कोळसे. दुकानदाराने आपल्या पोराला सरळ फसवलं, असं मला वाटलं. मग शेतातली चांगली काळी माती आणली, शेणखत कालवलं, रोप त्यात दाबून बसवलं आणि बोअरचं पाणी पोटभर पाजलं. आता खालची दोन पानं पिवळी पडली आहेत. कूलर तू सांगितल्याप्रमाणे लावतो, झाडाच्या अगदी तोंडासमोर ठेवला आहे.

शालिग्रामचं म्हणणं, हे बांडगूळ आहे, आंब्यावर चढवून द्यावं. त्याच्या नादी मी लागत नाही. पण पोराची अमानत माझ्या हातून जाते की काय, या काळजीने जेवण जात नाही. काय करायचं ते लगेच लिही.

तुझा,
बाबा

---

चिपळूण,
२१ एप्रिल २०२४

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. शालिग्रामकाका अर्धे बरोबर आहेत. हे रानात दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून राहतं, पण बांडगुळासारखं त्याचा रस पीत नाही. मुळांना हवा लागते. आपली काळी माती भिजली की गच्च बसते, मुळं गुदमरतात.

आजच काढा, मुळं धुवा, कुजलेली तेवढी कापा आणि नारळाच्या शेंड्या व कोळसे घालून बसवा. बोअरचं खारं पाणी बंद. तुम्ही माठातलं पिता तेच द्या. कूलरचा झोत थेट नको, त्याने उलट सुकतं, बाजूला ठेवा. ताटलीत खडे आणि पाणी, त्या खड्यांवर कुंडी, म्हणजे भोवतीची हवा ओली राहील.

आणि बाबा, भर दुपारी त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं. माणसाच्या श्वासातला ओलावा त्याला मानवतो. फवारा मारताना दर वेळी आपणही ग्लासभर पाणी प्यावं, म्हणजे वेळ चुकत नाही. अंगणात, उन्हात त्याला सोडून जाऊ नये.

तुमच्या लेकीवरचा जीव असाच राहू द्या.

तुमची,
समता

---

चिपळूण,
२९ मे २०२४

चि. धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

बुद्धपौर्णिमेपर्यंत सगळं सुरळीत होतं. बाबांनी विहारातल्या खिरीचं वर्णन अर्धं पान भरून लिहिलं होतं. पण परवापासून त्यांचा फोन बंद आहे, काकांचाही. संग्रामपूरच्या ओळखीच्या बाईंकडून कळलं की गावातली डीपी जळाली आणि वीज नाही. ऊन तर असं की बातम्या बघवत नाहीत.

सगळा डाव मी कूलरवर मांडला आणि कूलर विजेवर चालतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ते दार लावून घरात बसले असतील, गेल्या वर्षीसारखे. मला भीती वाटते आहे रे. रजा मिळो न मिळो, आजच निघते. हे पत्र स्टँडवर टाकते.

ताई

---

वरवट बकाल,
३१ मे २०२४

चि. धम्मरत्न,
सप्रेम जयभीम.

बाबा सुखरूप आहेत. ते आधी लिहिते, बाकीचं मागून.

घराला कुलूप होतं. तशीच शालिग्रामकाकांकडे धावले. त्यांचं माळवदाचं जुनं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, आत शिरताच गार वाटलं. रांजणाजवळ दोन्ही म्हातारे सतरंजीवर घोरत पडले होते. दोघांच्या मधे तुझं ऑर्किड, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. मी उंबऱ्यातच बसून रडले.

वीज गेली त्याच दुपारी बाबा डोक्याला दुपट्टा बांधून, कुंडी पोटाशी धरून इथे आले. कुणाच्या घरी दोन घटकांवर न टेकणारा माणूस तेव्हापासून इथेच मुक्कामाला. मी विचारलं, तर मलाच वेड्यात काढत म्हणाले, “त्याले एकट्याले तशा गरमीत कसं सोडू?”

आई गेल्यावर कूलर का लावला नाही, याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. आता निवांत झोपते. तूही झोप.

तुझी,
ताई

---

वरवट बकाल,
२२ जून २०२४

चि. समता,
अनेक आशीर्वाद.

हवा मऊ झाली आहे. झाडाला नवं पान आलं, आणि कोळशातून एक हिरव्या टोकाचं मूळ बाहेर डोकावतं आहे. शालिग्राम रोज येऊन बघतो आणि आपणच वाचवलं असं गावभर सांगतो. सांगू दे.

काम झालं, आता झाड परत नेते, असं तू लिहिलंस. कोणतं काम ते मी विचारणार नाही. पण एवढं ऐक. इतकी वर्षं बसमध्ये लोकांनी नाना झाडं नेली, पण माणसाने पाणी प्यायल्यावर तरारणारं झाड मी पाहिलं नाही. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं तेव्हाच ओळखलं की फवारा कुणावर चालला आहे. राग आला. कूलर बंद करून बसलो. दुसऱ्या दिवशी त्याचं पान सुरकुतलेलं दिसलं आणि माझीच मला लाज वाटली. बापलेकीच्या भांडणात त्याने काय पाप केलं? लावला. शेजारी बसलो. तुझी आई गेल्यापासून दुपारची झोप लागली नव्हती, ती त्या दिवशी लागली.

तेव्हा झाड नेऊ नकोस. धम्मरत्नलाही मी कळवतो की अमानत परत मिळणार नाही. त्याला इथली सवय झाली आहे, आणि मला त्याची.

कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत पार सडलं होतं, ते काढून टाकलं. पुढच्या उन्हाळ्याचं नवं गवत आत्ताच आणून माळ्यावर ठेवलं आहे.

तू बापाला फसवलंस, तरी माया होती तेवढीच आहे. तीत कमी-जास्त होणार नाही.

तुझा,
बाबा