मायचा तळहात

करडी, मंगळवार, कार्तिक १९८२

आज शेवटी माझा दिवा लुकलुकला! दोन ट्रान्झिस्टर, टॉर्चचा बल्ब आणि साबणाची डबी. एवढ्यासाठी बोटं किती भाजून घेतली. संध्याकाळी डबी ओट्यावर ठेवली, बल्बचं तोंड तलावाकडे. बाबा डोंगा घेऊन जाळं काढायला गेले होते. वाटलं, येताना त्यांना दिसेल.

माय बाहेर आली आणि घाबरलीच. घरचा माणूस पाण्यावर असताना दारचा दिवा फडफडू नये, हे तिच्या मनात पक्कं. तलावाकडून वारा येत होता. झटकन खाली बसून तिनं त्या बाजूनं तळहात आडवा धरला. "वारा लागून राहिला. इझून जाईन ना बाई!"

याला वारा लागत नाही, हे सांगणारच होते. पण ती डोळे पाण्यावर लावून बसली होती. नाही सांगितलं. सांगायला हवं होतं का? अजून कळत नाही.

तेवढ्यात अंधारातून, पाण्यावरून बाबांची हाक आली. "अवो, समदे दिवे सारखेच दिसतेत. आपला लुकलुकता दुरूनच ओळखू आला होता. मंग मधातच कुठी गेला?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. तळहात काढला नाही, फक्त तलावाची बाजू मोकळी करून घराच्या बाजूनं धरला. डोंगा काठाला लागेपर्यंत तशीच बसून राहिली.

वारा तलावाकडूनच येत होता, तरी.