रंगाऱ्याचा कोट

ता. ३

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा दुखायचा थांबला, हे वाचून बरं वाटलं. मी लाँड्री पुन्हा उघडली. काल इस्त्रीवर बोट भाजून घेतलं. हे असते तर आठवडाभर चिडवलं असतं.

यांच्या खुनाचा गुन्हा शाबीत झाला, शिक्षा तेवढी ठरायची आहे. त्याआधी न्यायाधीश माझं म्हणणं विचारणार आहेत. इकडे ते सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. भाजीवाली पिशवी भरता भरता सांगते की काळजी करू नको, आपल्याकडे लटकवतातच. तुमच्याकडे राहिले होते तेव्हा मलाही वाटायचं की एक जीव गेला, आता दुसरा घेऊन काय मिळणार. परतताना बस घाट उतरली आणि ते वाटणं कुठे गेलं कळलंच नाही. दादा, मला स्वतःचं मत आहे तरी का?

त्यात नवीन घोळ. गल्ल्यासाठी यांच्या डोक्यात सळई घालणारा तो रंगारी आमचंच गिऱ्हाईक होता. त्याच्या आधी कोट धुवायला टाकून गेला होता. काल त्याची आई तो न्यायला आली. कोर्टात घालायला त्याच्याकडे दुसरा धड कपडा नाही म्हणे. उद्या या, असं सांगून मी तिला वाटेला लावलं. काय करू?

मुलांना पापे. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

ता. ७

चि. चिमीस,
अ. उ. आ.

कोट देऊन टाक. त्याला फाशी नको, एवढंही कोर्टात सांग. आमच्या शाळेत सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. हेडमास्तर फाशीविरोधी सभा घेताहेत, त्यात तू बोलशील असं मी तुला न विचारताच कबूल करून बसलो. रागावू नकोस.

घरात मात्र उलटंच. तुझी वहिनी म्हणते, तिच्या नवऱ्याला कोणी मारलं असतं तर दोर तिनंच ओढला असता. हे इतक्या मोठ्यानं म्हणाली की मला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. नवरा म्हणजे मीच, त्यामुळे बरंही वाटलं. आता मलाही धड काही सुचत नाही.

तब्येतीला जप. आठवण असू दे.
तुझा दादा

ता. १६

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कोट दिला. सासूबाईंनी बोलणं टाकलं. तुझ्या हेडमास्तरांचं पत्र आलं, माझं मन फार मोठं आहे म्हणून. त्यांना सांग, मी कोणालाही माफ केलेलं नाही.

खरं सांगू? कोट द्यायचा नव्हता तो रागानं नव्हे. त्याचं मधलं बटण यांनी लावलं होतं, गेले त्याच दुपारी. दोऱ्याला नेहमीसारखा एक वेढा जास्त देऊन तो दातानं तोडला, मी ओरडलेही. त्यांच्या हातचं तेच शेवटचं काम. पण ती बाई दारात उभी राहिली, आणि कोट तर तिच्या मुलाचाच होता.

काल तो तोच कोट घालून उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बटणाकडे बघत राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला काय हवंय. तुझं एक वाक्य पाठ होतं, सासूबाईंचं एक. दोन्ही विसरले. मी म्हटलं, मला तो कोट परत हवाय. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी इतक्या दिवसांनी माझा हात धरला. म्हणाल्या, बरोबर बोललीस, त्याला लटकवल्याशिवाय कोट कसा मिळणार. जिन्यात त्याची आई माझ्या पाया पडायला आली. म्हणाली, तुम्ही फक्त कोट मागितलात, पोराचा जीव नाही मागितलात.

निकाल सोमवारी आहे. दादा, तू शिकलेला आहेस. मी काय मागितलं ते सोमवारच्या आत मला कळव.

माया असू दे.
तुझी चिमी